नऊ जानेवारीचा फोन

मर्व्ह टुहीने कर्जफेडीच्या नोंदींच्या कागदावरचे पाच चौकोन तळहाताने झाकले आणि उरलेली रांग वाचली. हिरवा, हिरवा, हिरवा. शेवटपर्यंत हिरवाच. मग त्याने हात उचलला.

एक, दोन, तीन, चार, पाच.

बालवाडीच्या भिंतीवर रंगवलेले असतात तसे पाच ठसठशीत आकडे, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून मेपर्यंत, लाल चौकोनांत. हप्ता पंधरवडाभर थकला की एक. महिनाभर थकला की दोन. पुढे तसंच चढत जायचं.

“हात ठेवून उपयोग नाही, मिस्टर टुही,” समोर बसलेली निलूका म्हणाली. “कर्ज देणारे हात बाजूला करून बघतात.”

“मर्व्ह म्हण गं. मिस्टर टुही म्हणजे माझे वडील, आणि त्यांनी जन्मात कर्ज काढलं नाही.”

निलूका दर दुसऱ्या बुधवारी तासाभरावरच्या शहरातून बुलंगा क्रीकला यायची. कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला देणं हे तिचं काम. ग्रंथालयात तिला मुलांच्या पुस्तकांचा कोपरा मिळाला होता. टेबल बुटकं, खुर्च्या त्याहून बुटक्या. मर्व्हचे गुडघे त्याच्या हनुवटीशी आले होते.

“ट्रकचं कर्ज फिटलं,” तो म्हणाला. “ट्रक विकून शेवटचा डॉलर भरला. त्यांचं पत्र आहे माझ्याकडे. मग हे अजून इथे काय करतंय?”

“कर्ज फिटलं तरी उशीर झाल्याची नोंद दोन वर्षं राहते.”

“दोन वर्षं नाहीत माझ्याकडे.”

त्याच्याकडे मे अखेरपर्यंतचा वेळ होता. बेरिल डॉसन सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून जुलैपासून थांबणार होती. डोंगराच्या कडेने सकाळी एक फेरी, दुपारी एक, अकरा मुलं. आपल्या जागी तिने मर्व्हचं नाव सुचवलं होतं. बावीस आसनांची एक जुनी बस विकाऊ होती. पतसंस्थेचा मॅनेजर भला माणूस; हे पाच आकडे काढून आण, त्याच दिवशी बसचं कर्ज देतो, म्हणाला होता. नाही जमलं तर फेरी बाहेरच्या कंपनीकडे जाणार होती. जंगल जळाल्यापासून लाकूडतोड बंद होती आणि एकसष्टाव्या वर्षी मर्व्हला चालवता येईल असं गावात दुसरं काही उरलं नव्हतं. अकरा मुलांची नावं त्याने बेरिलकडून लिहून आणली होती. ट्रक जिथे उभा असायचा त्या रिकाम्या पत्र्याखाली उभं राहून तो ती मोठ्याने पाठ करायचा.

“तुम्ही ट्रकच्या फायनान्स कंपनीकडे पहिल्यांदा मदत कधी मागितलीत?” निलूकाने विचारलं.

“नऊ जानेवारी.”

“ते म्हणतात, एकोणीस मे.”

“चुकतायत ते.”

“तुम्ही खरंच जानेवारीत मागितली असेल, तर पुढच्या पाचही खुणा चुकीच्या ठरतात. तोंडी मागितलेली चालते. कागदच लागतो असं नाही. पण त्यांनी तुमच्या नंबरावरून आलेले सगळे फोन शोधले. जानेवारीत एकही नाही.”

“माझ्या नंबरावरून नाहीच केला. मोबाइलचा टॉवर जळला होता. आमच्या अग्निशमन दलाच्या शेडमधून केला.”

निलूका पुढे सरकली. “मग शेडचं फोनबिल?”

“फुकटचा नंबर असतो तो. बिलात येत नाही.”

“शेडमध्ये दुसरी काही नोंद? कोणी ऐकलं? कुठे लिहून ठेवलेलं?”

मर्व्हने शेजारच्या फळीवरचं बदकाचं पुस्तक सरळ केलं. मग त्याच्या पलीकडचं.

“नाही,” तो म्हणाला.

•

रकाना ४. कोणत्या नोंदींबद्दल तक्रार आहे?

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे.

रकाना ५. काय घडलं ते तुमच्या शब्दांत, थोडक्यात लिहा.

आग लागली होती. मी फोन केला होता.

खोडलं.

आग लागेपर्यंत मी एकही हप्ता चुकवलेला नाही. लाकडं वाहायचा ट्रक माझा स्वतःचा होता. तीस डिसेंबरला, ऐन उन्हाळ्यात, जंगल पेटलं आणि काम थांबलं. नऊ जानेवारीला मी फोन करून सांगितलं की पंधरा तारखेचा हप्ता जमणार नाही, मदत करा. फोनवरच्या बाईने नाव घेतलं, कर्जाचा नंबर घेतला. म्हणाली, काळजी करू नका, मी लिहून ठेवते, तुम्ही आगीकडे बघा. म्हणून मी आगीकडे बघितलं.

हेही खोडलं. यात खोटं काही नव्हतं. पण खाली सहावा रकाना पुराव्याचा होता, आणि तो आला की हात थांबायचा.

फोन जिथून केला तिथे एक वही आहे. वहीत मी खोटं लिहिलंय.

ही ओळ मर्व्हने खोडली नाही. कागदाची घडी घातली आणि चुलीत टाकली. अर्जाची दुसरी प्रत होती त्याच्याकडे. निलूकाने तीन दिल्या होत्या. तिला सवय असावी.

•

शेडमधल्या फोनला एक वही बांधलेली असते. सुतळीने, पेन्सिलीसकट. त्या फोनवरून कोणीही कुठेही बोललं की लिहायचं: वेळ, कोण, कोणाला, किती मिनिटं. आगीच्या दिवसांत पाळी बदलली की आधीच्या पाळीचं पान मोठ्याने वाचून दाखवायचं, म्हणजे नव्या लोकांना कळतं कोणाला काय निरोप गेलाय आणि कोणाला अजून जायचाय. वहीत रबर चालत नाही. चूक झाली तर खाली नवी ओळ, आजची तारीख, सही. आणि तीही वाचायची.

नऊ जानेवारीला मर्व्ह एकटाच फोनपाशी होता. बोलून झाल्यावर त्याने पेन्सिल उचलली तेव्हा ‘कोणाला’ हा शब्द त्याच्याकडे बघत राहिला. फायनान्स कंपनी लिहिलं की तासाभरात एकोणीस माणसांसमोर वाचलं जाणार. वरच्या तीन ओळी त्याने बघितल्या. तिन्हींत एकच उत्तर होतं. त्याने तेच चौथ्या ओळीत उतरवलं, शाळेत शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवावं तसं, आणि टँकरवर जाऊन बसला. आपल्याकडे त्या दिवशी एकही जनावर नव्हतं हे त्याला अर्ध्या रस्त्यात आठवलं.

•

ग्लेनिस बॅसेट शेडच्या दारात टँकरच्या टायरात हवा भरत होती. दलाची कॅप्टन झाल्याला तिला चौदा वर्षं झाली होती, आणि टायर ती दुसऱ्या कोणाला भरू द्यायची नाही.

“वही हवी होती,” मर्व्ह म्हणाला.

“कुठली? चहा-साखरेची? तुझे चार डॉलर बाकी आहेत.”

“फोनची. जुनी.”

ग्लेनिसने पाइप काढला, दाब बघितला, पुन्हा लावला. “जानेवारीची ना,” ती म्हणाली आणि हात पुसत आत गेली. महिना आपण सांगितलाच नव्हता, हे मर्व्हच्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर.

तिने पान लगेच उघडलं. शोधावं लागलं नाही.

९:०५. ओब्रायन. जनावरांचे डॉक्टर. ४ मि.
१०:२०. शर्ली. जनावरांचे डॉक्टर. ६ मि.
१०:५५. ओब्रायन. जनावरांचे डॉक्टर. ३ मि.
११:४०. टुही. जनावरांचे डॉक्टर. ३५ मि.

“तो फोन डॉक्टरला नव्हता,” मर्व्ह म्हणाला.

वही ग्लेनिसने टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

“ट्रकच्या फायनान्स कंपनीला होता. हप्ता भरायला पैसे नव्हते. आता ते म्हणतात मी फोनच केला नाही, आणि त्यापायी बसचं कर्ज अडलंय.”

“फायनान्स कंपनी,” ग्लेनिस म्हणाली.

“हो.”

“पस्तीस मिनिटं.”

“अठ्ठावीस मिनिटं गाणी वाजत होती.”

ग्लेनिस खुर्चीत बसली. चष्मा काढून तिने त्याच्याकडे बघितलं. मर्व्हला वाटलं, खोटं लिहिल्याबद्दल आता ऐकून घ्यावं लागणार. टोपी काढून तो उभा राहिला.

“मी लिहून देते,” ती म्हणाली. “मी तिथे होते, मी कंपनीचं नाव ऐकलं, असं.”

“तू तेव्हा वरच्या धारेवर होतीस. दुसऱ्या टँकरवर.”

“त्यांना काय कळतंय?”

“वहीत आहे.”

“मेल्या, तुझं काय करू मी!” ती हसली आणि मनगटाने नाक पुसलं. “बरं. मग सरळ मार्गाने. खाली नवी ओळ लिही, आज तारीख काय, सही कर. मी पानाची प्रत शिक्का मारून देते. शेडचा नंबर, वेळ, मिनिटं, सगळं आहे. त्या नंबरावरून शोधू देत त्यांना.”

मर्व्हने पेन्सिल घेतली. “रविवारी सरावाला वाचायलाच हवं?”

“नियम कोणी आणला होता रे? ब्याण्णव साली? सेक्रेटरी कोण होतं तेव्हा?”

मर्व्ह लिहायला लागला.

•

रविवारी सकाळच्या सरावाला सतरा जण आले. पाइप सुकवायला टांगून झाले होते, शर्ली दारात सॉसेज भाजत होती, चहाचं पिंप उकळत होतं. मर्व्ह मागच्या बाकावर बसला. एरवी तो पुढे बसायचा. त्याचा शेजारी डुगल मॅकेचर्न, शेजारी म्हणजे मधे दोन टेकड्या, भिंतीला टेकून उभा होता.

ग्लेनिसने आधी टाकीच्या गळतीचं सांगितलं. मग नव्या हातमोज्यांचं. मग कोणीतरी शेडच्या शीतकपाटात मासे ठेवलेत त्याचं, आणि ते कोणाचे आहेत हे तिला पक्कं माहीत आहे, ओब्रायन. मग तिने चष्मा वर सरकवला आणि श्वासही न घेता वाचलं:

“वहीतली दुरुस्ती. गेल्या वर्षी नऊ जानेवारी, अकरा चाळीस. जनावरांचे डॉक्टर असं लिहिलं ते खोटं. फायनान्स कंपनीला केला. हप्ता भरता येत नव्हता म्हणून मदत मागितली. एम. टुही.”

पिंपाचं झाकण खडखडत होतं. मर्व्ह आपल्या बुटांकडे बघत होता. डाव्या बुटाची नाडी दोन वेगळ्या नाड्यांची गाठ मारून केलेली होती, आणि ती आता सगळ्यांना दिसत असणार असं त्याला वाटलं.

“पस्तीस मिनिटं?” ओब्रायन म्हणाला. “अरे, माझ्या मेंढ्यांना चार पुरली. मेंढ्या जास्त मुद्द्याचं बोलतात.”

सगळे हसले. विनोदाच्या मानाने ते हसणं फार मोठं होतं. संपता संपेना. कोणी बाकावर हात आपटला, कोणी मर्व्हच्या पाठीत गुद्दा घातला. दारातून शर्ली चिमटा हातात घेऊन आत आली आणि तिने त्याला तसंच, चिमट्यासकट, मिठी मारली. “गाढवा,” ती त्याच्या कॉलरमधे म्हणाली, “गाढवा, गाढवा.” मर्व्ह अवघडून उभा राहिला. पैसे नसण्याची त्याला लाज वाटली होती. त्यावर इतका आनंद होण्यासारखं काय आहे हे त्याला कळेना.

डुगल तेवढा हसला नाही. तो बाहेर गेला आणि त्याच्या गाडीपाशी पाठमोरा उभा राहिला. मर्व्ह सॉसेज घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी गेली होती.

•

रकाना ६. पुरावा.

सोबत वहीच्या एका पानाची प्रत. कृपया पूर्ण पान वाचावं.

“हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?” निलूकाने विचारलं. “मी विचारलं होतं, कुठे लिहून ठेवलंय का.”

“तेव्हा तिथे खोटं होतं.”

तिने पानाचा फोटो काढला, तिरका आला म्हणून पुन्हा काढला. “तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. नाही दिलं तर आपण वर तक्रार करू.”

“तीस दिवस म्हणजे मे संपला.”

“हो,” निलूका म्हणाली. उगीच धीर द्यायची तिची पद्धत नव्हती. मर्व्हला ते आवडलं.

तो रोज फाटकापर्यंत चालत जायचा. टपालपेटी गॅसच्या जुन्या टाकीची, आगीनंतर त्याने स्वतः कापून केलेली. कधी त्यात ट्रॅक्टरची जाहिरात असायची, कधी सुरवंट. घरी येऊन तो रेडिओ लावायचा, हवामान संपलं की बंद करायचा. अकरा नावं आता त्याला उलट्या क्रमानेही येत होती.

एकोणिसाव्या दिवशी पत्र आलं. ते त्याने फाटकापाशीच, उभ्या उभ्या वाचलं. शेडच्या नंबरावरून शोध घेतला असता नऊ जानेवारीला अकरा वाजून पाच मिनिटांनी आलेला पस्तीस मिनिटांचा एक फोन सापडला. ग्राहकाचं निवेदन कर्मचाऱ्याने टिपून घेतलं होतं, परंतु ते खात्याला जोडलं गेलं नव्हतं. गैरसोयीबद्दल दिलगिरी. पाचही नोंदी दुरुस्त करण्यात येत आहेत.

परंतु. त्या शब्दावर त्याने बोट ठेवलं. पाच महिने त्या एका परंतुत गेले होते.

मग खिशातून फोन काढला. तिथे फाटकापाशी रेंज बरी असते. नावांची यादी वरून खाली सरकवली, खालून वर आणली. दोन नावं तर आता हयात नसलेल्यांची होती. शेवटी निलूकाच्या ऑफिसचा नंबर लावला. ऑफिस बंद झालं होतं; निरोप ठेवा, असं यंत्र म्हणालं.

“मर्व्ह बोलतोय,” तो म्हणाला. “बुलंगा क्रीकचा. गेले, पाचही गेले.”

तरी फोन त्याने ठेवला नाही. यंत्राने शिट्टी वाजवून निरोप संपल्याचं सांगेपर्यंत तो कानाशी धरून उभा राहिला.

•

रकाना ९. आणखी काही सांगायचं आहे का?

अर्जात हा रकाना त्याने कोराच पाठवला होता.

•

जूनच्या मध्यावर, एका शनिवारी दुपारी, मर्व्ह अंगणात बसच्या काचा पुसत होता. बस पांढरी होती, मागचं एक आसन फाटलेलं होतं, आणि हॉर्न जरा घोगरा. पण ती त्याची होती. सोमवारी बेरिल त्याला सगळे थांबे दाखवणार होती.

डुगलची गाडी फाटकातून आत आली. डुगल उतरला, इंजिन चालूच ठेवून. मागचं दार उघडून त्याने जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक लांबट पुडकं काढलं.

“घे बाबा. तुझी तुला.”

मर्व्हने टॉवेलची कड न उचलताच ओळखलं. त्याची रायफल. गेल्या वर्षी जानेवारीत, आग पुरती विझलीही नव्हती तेव्हा, डुगल ती मागून घेऊन गेला होता. कोल्हे कोंबड्यांवर येतात म्हणून. मर्व्हने एकदोनदा आठवण करायचं ठरवलं होतं. मग राहून गेलं.

“मिळाले का कोल्हे?”

“कुठले कोल्हे?” डुगल म्हणाला. “सगळे जळाले होते रे त्या महिन्यात. कोंबड्यासुद्धा.”

मर्व्हने फडका बसच्या पायरीवर ठेवला.

“पिपला आपण ख्रिसमसच्या आधी पुरलं,” डुगल म्हणाला. पिप म्हणजे मर्व्हची म्हातारी कुत्री. शेडच्या दारात झोपायची, सगळ्या दलाची होती. “खड्डा मी खणला होता. ओब्रायन रडला होता, विचार हवं तर, नाही म्हणेल. आणि दोन आठवड्यांनी ग्लेनिस पान वाचते: टुही, जनावरांचे डॉक्टर, पस्तीस मिनिटं. तू टँकरवर गेला होतास. आम्ही सगळे तिथेच होतो. कोणी हूं की चूं केलं नाही.”

“लिहायचं म्हणून लिहिलं मी.”

“ते आता कळलं. फोनच्या वर भिंतीला तो कागद आहे ना, मन फार जड झालं तर या नंबरावर बोला, असा. आम्हाला वाटलं, तू तिथे लावलास.”

इंजिनाची घरघर चालू होती. मर्व्हला शर्लीचं दर गुरुवारचं मटण आठवलं, जास्तीचं झालं म्हणून आणलेलं. पत्ते शिकव म्हणून ओब्रायन सात आठवडे येत होता, आणि त्याला पत्ते मर्व्हपेक्षा चांगले येत होते. पाळी संपवून घरी निघालं की मागून कुणाची तरी गाडी फाटकापर्यंत यायची आणि वळून जायची. आगीने माणसं जरा मऊ झाली आहेत, असा मर्व्हने अर्थ लावला होता. हिवाळा आला तसं ते सगळं थांबलं, तेव्हाही त्याला नवल वाटलं नव्हतं. ज्याला त्याला आपापली घरं बांधायची होती.

“विचारलं का नाहीस?” तो म्हणाला.

“कसं विचारणार?”

“तोंडाने.”

“बरं, विचारलं असतं. काय सांगितलं असतंस?”

मर्व्हने जरा विचार केला. “जनावरांच्या डॉक्टरला लावला म्हणून.”

डुगल हसला, मर्व्हही हसला. डोंगराच्या उतारावर जळालेली खोडं आता बुंध्यापासून हिरवी दिसत होती, केसाळ, कोणी लोकर गुंडाळल्यासारखी.

“बरं झालं बाबा,” डुगल म्हणाला. “आम्ही काय काय समजलो होतो. आणि होते काय, तर नुसते पैसे.”

“नुसते पैसे,” मर्व्ह म्हणाला.

“तेल दिलंय. नळी साफ केलीय. घे, हात दुखायला लागला.”

डुगलने पुडकं पुढे केलं. मर्व्हचे दोन्ही हात मोकळे होते. त्याने ते पाहिले, मग बसकडे पाहिलं. काचांमधून आसनांच्या रांगा दिसत होत्या, सगळ्या रिकाम्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. त्याने पायरीवरचा फडका उचलला, घडी घातली, घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“डुगल.”

“काय?”

“राहू दे अजून थोडे दिवस तुझ्याकडेच.”

डुगलचा हात तसाच पुढे राहिला. मग त्याने पुडकं परत मागच्या आसनावर ठेवलं, टॉवेल नीट केला, दार लावलं. पुढच्या खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.